विंडोजच्या घरात मॅक जोडताना
लातूर-नांदेडकडच्या अनेक घरांत आडतीचा हिशेब, सातबाऱ्याच्या प्रती आणि लग्नकार्यांचे फोटो विंडोजच्या एकाच संगणकात साठवलेले असतात. अशा घरात पुण्याहून आलेल्या मुलीचे मॅकबुक जोडायचे असेल, तर वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही, कारण एसएमबी ही फाइल-देवाणघेवाणीची पद्धत दोन्ही प्रणालींना येते.

दोन्ही संगणक एकाच राउटरवर हवेत. पाहुण्यांसाठीचे 'गेस्ट' वायफाय बहुधा उपकरणांना एकमेकांपासून अलग ठेवते, म्हणून ते वापरू नये. माळवदाच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल क्षीण होतो, तेव्हा आतल्या खोलीत २.४ गिगाहर्ट्‌झच बरे.

विंडोजमध्ये नेटवर्क 'प्रायव्हेट' करावे आणि फक्त हवा तो फोल्डर शेअर करावा. संपूर्ण ड्राइव्ह खुला करणे मला मुळीच पटत नाही. त्यानंतर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा इंग्रजीत देऊन आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरील त्या संगणकाचा ओळखक्रमांक, समजा १९२.१६८.१.५, टिपून घ्यावा. मॅकवर फाइंडर उघडून कमांड आणि के या कळा एकत्र दाबाव्यात आणि येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत एसएमबी, विसर्गासारखी दोन टिंबे, उजवीकडे झुकलेल्या दोन तिरप्या रेघा (//) व तो पत्ता लिहावा.

बहुतेकांचे घोडे अडते ते यापुढे, पासवर्डपाशी. विंडोज उघडताना आपण जो चार-सहा अंकी पिन टाकतो तो येथे चालत नाही; खात्याचा खरा पासवर्डच लागतो, आणि तो अनेकांना आठवत नाही. म्हणून विंडोजवर पासवर्डसह एक स्वतंत्र स्थानिक खाते काढून त्यालाच त्या फोल्डरची परवानगी द्यावी, हे मला सर्वांत सुरक्षित वाटते.

जोडणी होत नाही म्हणून एसएमबीची पहिली आवृत्ती सुरू करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपया मानू नका. मे २०१७मध्ये 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर व्हायरस त्याच आवृत्तीतील त्रुटीतून जगभर पसरला होता, आणि आजच्या मॅकला तिची गरजही नाही.

वीज जाऊन आल्यावर राउटर कधीकधी संगणकाला नवा पत्ता देतो आणि कालची जोडणी आज तुटते. राउटरच्या सेटिंगमध्ये 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' करून तो पत्ता कायम करता येतो. जुनी मराठी पत्रे मॅकवर अगम्य चिन्हांत दिसली, तर मात्र दोष जोडणीचा नसून युनिकोडपूर्व, म्हणजे अक्षरांची आजची सर्वमान्य संकेतपद्धत रुळण्याआधीच्या, फॉन्टचा असतो, आणि त्यासाठी तोच फॉन्ट मॅकवरही बसवावा लागतो.