छातीला मार लागलेला रुग्ण: सुई, बोट आणि नळी

छातीला जबर मार लागलेला रुग्ण टेबलावर आला की हात आधी एक्स-रेच्या फॉर्मकडे जातो. तो आवरा. टेन्शन न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाभोवती अडकलेल्या हवेचा दाब वाढून फुफ्फुस आणि हृदय दबणे) ओळखायचा तो डोळ्यांनी, हातांनी आणि स्टेथोस्कोपने. फिल्म धुऊन येईपर्यंत थांबायला या रुग्णाकडे वेळ नसतो.

बाहेर धो-धो रक्त वाहत असेल तर ते आधी दाबा. मग मान स्थिर धरून श्वासमार्ग पाहा, ऑक्सिजन लावा आणि कपडे कापून छाती दोन्ही बाजूंनी पूर्ण उघडी करा. काखा आणि पाठ हमखास राहून जातात. भोसकल्याची लहानशी जखम तिथेच लपलेली असते. श्वासाचा दर मॉनिटरवर न वाचता स्वतः मोजा. दोन्ही बाजू सारख्या उचलल्या जातात का पाहा, बोटांनी ठोकून पाहा, काखेत ऐका. एका बाजूला आवाज नाही, ठोकल्यावर पोकळ घुमते आणि बीपी घसरतोय, एवढे पुरेसे आहे. श्वासनलिका सरकण्याची वाट पाहू नका, ते फार उशिरा दिसते. मानेच्या शिरा फुगतात असे आपण शिकतो. पण रक्त वाहून गेलेल्या रुग्णात त्या रिकाम्याच राहतात.

इंट्युबेशननंतर (श्वासनलिकेत ट्यूब घातल्यावर) लगेच डावीकडचा आवाज गेला, तर सुई उचलण्याआधी ट्यूबवरचा आकडा बघा. प्रौढात दातांपाशी साधारण २१ ते २३ सेंमी असायला हवा. ट्यूब उजव्या ब्रॉन्कसमध्ये (श्वासनलिकेच्या उजव्या फुफ्फुसाकडच्या फांदीत) उतरली की हुबेहूब असेच चित्र दिसते, फक्त ठोकल्यावर पोकळ घुमत नाही. ती थोडी मागे ओढली की काम होते.

अडकलेली हवा सोडण्यासाठी सुई घालायची जागा प्रौढात चौथी किंवा पाचवी फासळ्यांमधली फट, मिडॲक्सिलरी रेषेच्या (काखेच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेच्या) किंचित पुढे. लहान मुलांत मात्र दुसरी फट, कॉलरबोनच्या मध्यरेषेत. प्रौढासाठी १४ किंवा १६ गेजची (गेज म्हणजे जाडीचे माप) ८ सेंमी लांब सुई हवी. नेहमीची ५ सेंमीची आयव्ही कॅन्युला बऱ्याच जणांत प्लुरापर्यंत (फुफ्फुसाभोवतीच्या आवरणापर्यंत) पोचतच नाही, आणि पोचली तरी मुडपते. हवा सुटल्याचा आवाज आला नाही म्हणून निदान चुकले असे धरू नका. बीपी सुधारला का ते पाहा. नसेल सुधारला तर त्याच जागी छेद घेऊन बोट घाला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात तेवढ्याने वेळ निभावते. स्वतः श्वास घेणाऱ्यात तोच छेद हवा आत ओढू लागतो, तेव्हा नळी तयार ठेवूनच छेद घ्या. सुईने फक्त वेळ मिळतो, नळी घालावीच लागते.

आता नळी. आघातात २८ ते ३२ फ्रेंच (नळीच्या जाडीचे माप) घ्या. बारीक नळी गुठळीने तुंबते. रुग्णाचा हात डोक्यावर घ्या. पुढे पेक्टोरॅलिस (छातीचा स्नायू), मागे लॅटिसिमस (पाठीचा स्नायू), खाली स्तनाग्राची पातळी, हा सुरक्षित त्रिकोण. स्तनाग्राची जागा व्यक्तीनुसार बदलते, म्हणून फासळ्या मोजाच. खाली गेलात तर डायफ्रॅम (छाती आणि पोट यांमधला पडदा) आहे. उच्छ्वासात तो पाचव्या फासळीपर्यंत चढतो.

रुग्ण शुद्धीत असेल तर १ टक्का लिग्नोकेन (भुलीचे औषध) त्वचा, फासळीचे आवरण आणि प्लुरा या तिन्हींत द्या. ७० किलोला २० मिली ही मर्यादा. ३ ते ४ सेंमी छेद घ्या आणि आर्टरी फोर्सेप्सने (चिमट्याने) खालच्या फासळीच्या वरच्या कडेवरून स्नायू उलगडत जा. प्रत्येक फासळीच्या खालच्या कडेला रक्तवाहिन्या आणि नस असते. प्लुरा फुटताना झटका बसतो, म्हणून दुसऱ्या हाताने फोर्सेप्स टोकाजवळ धरा, नाहीतर तो थेट फुफ्फुसात जातो. मग बोट आत फिरवा. ही पायरी घाईत गाळली जाते आणि नळी त्वचेखाली किंवा पोटात जाते. मोडक्या फासळीची टोके ग्लोव्ह फाडतात, दोन जोड घाला. ट्रोकार (नळीच्या आतली टोकदार सळई) वापरू नका.

नळीची सगळी छिद्रे आत हवीत. जाड रेशमाने टाका घालून ती बांधा आणि अंडरवॉटर सीलला (हवा बाहेर जाऊ देणाऱ्या पण परत आत न येऊ देणाऱ्या पाण्याच्या बाटलीला) जोडा. काचनळी २ सेंमी पाण्यात, बाटली कायम छातीखाली. श्वासासोबत पाणी वर-खाली व्हायला हवे. रुग्ण हलवताना नळीला क्लॅम्प लावायची सवय जीवघेणी आहे. हवेची गळती चालू असेल तर टेन्शन पुन्हा तयार होते.

सुरुवातीलाच १५०० मिली रक्त आले, किंवा ताशी २०० मिलीने २ ते ४ तास येत राहिले, तर सर्जनला बोलवा. रक्त अचानक थांबले आणि पाणीही हलेनासे झाले, तर आनंद मानू नका, नळीत गुठळी असेल. बुडबुडे थांबतच नसतील तर आधी जोड आणि बाहेर आलेले छिद्र तपासा. दोन्ही ठीक असून फुफ्फुस फुगत नसेल तर ब्रॉन्कस फाटल्याचा संशय घ्या. दुसरी नळी लागू शकते.

छातीला उघडे भोक असेल तर ड्रेसिंग तीन बाजूंनी चिकटवा, चौथी मोकळी ठेवा, आणि नळी त्या जखमेतून न घालता वेगळ्या छेदातून घाला. नळी घालूनही बीपी वर येत नसेल तर अल्ट्रासाउंडचा प्रोब हृदयावर ठेवा: टॅम्पोनाड (हृदयाभोवती रक्त साठून ते दबणे) आहे का ते तिथे दिसेल. तिथे काही नसेल, तर पोटात रक्तस्राव आहे का पाहायला प्रोब तिकडे न्या.