‘हार्ट ऑफ डार्कनेस’ वाचताना निवेदक कसा तपासावा
जोसेफ कॉनरॅड यांची १८९९ साली क्रमशः प्रसिद्ध झालेली ही कादंबरी वाचताना प्रत्येक उताऱ्यात बोलणारा कोण, याची समासात नोंद करावी. कारण थेम्सवरील नौकेत बसलेला एक अनामिक श्रोता मार्लो या खलाशाची काँगोतली हकिगत आपल्यापर्यंत पोहोचवत असतो. मग आफ्रिकी माणसांच्या तोंडी किती वाक्ये येतात, ते शोधावे. ती बोटांवर मोजण्याइतकीच सापडतात, आणि त्यांतले एक तर कुर्ट्झ या हस्तिदंताच्या व्यापारातल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या मृत्यूची वर्दी देण्यापुरते आहे. नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांनी १९७५ च्या व्याख्यानात कॉनरॅड यांच्यावर केलेला वंशवादाचा आरोप यानंतरच वाचावा. दुहेरी निवेदनामुळे लेखक आपोआप दोषमुक्त होतो, हा बचाव मला तरी लंगडा वाटतो. मार्लोच्या दृष्टीला छेद देणारी जागा मजकुरात दाखवता आली, तरच तो स्वीकारावा.