हर्नियाचं ऑपरेशन आणि वाडीतली कामं: या चुका टाळा

टाके सुकले की वाटतं, झालं, सुटलो. मुंबईत खाडीपलीकडे असलेल्या मनोरीच्या आमच्या वाडीत मलाही दहाव्या दिवशी तसंच वाटलं. बेंबीच्या हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, आत पोटाच्या भिंतीला आधार देणारी जाळी बसवलेली, वरची जखम कोरडी ठणठणीत. घरात कोणी नाही आणि शेळी पाण्यासाठी ओरडतेय. एक बादली तर काढायची, म्हणून मी रहाटाची दोरी ओढली. पोटात अशी कळ आली की विहिरीच्या कठड्याला धरून खालीच बसले. तपासणीत जाळी जागेवरच असल्याचं दिसलं, पण पुढचा आठवडा कूस बदलतानाही डोळ्यांत पाणी यायचं.

कातडी बघून आतलं ठरवू नका. कातडी दहा-बारा दिवसांत जुळते, पण आतला थर जाळीला घट्ट धरायला कितीतरी जास्त दिवस घेतो. म्हणूनच डॉक्टर साधारण 4 ते 6 आठवडे वजन उचलू नका म्हणतात. वजन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तांदळाचं पोतं येतं, बादली येत नाही. पण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. 15 लिटरची बादली 15 किलो झाली, वर दोरी ओढताना पोटाला पीळ पडतो तो वेगळाच. त्यात दुखण्याची गोळी चालू असेल तर शरीर इशाराही उशिरा देतं.

आम्ही मग पाण्याचं पिंप कमरेच्या उंचीच्या ओट्यावर ठेवलं. सकाळी शेजारचा मुलगा मोटर लावून ते भरायचा, मी तांब्यातांब्याने पाणी घ्यायचे. कोंबड्यांच्या दाण्यांचा डबाही ओट्यावरच. शेळीचं दावं मात्र सहा आठवडे हातात घेऊ नका. ती कधी हिसका देईल सांगता येत नाही. पडलेली झावळी ओढायचा मोहही आवरा, वाडीत तीच सवय सगळ्यांत चिवट असते.

शौचाला कुंथल्याने पोटावर तसाच दाब येतो. काही वेदनाशामक गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि उठावं लागू नये म्हणून आपण पाणीही कमी पितो. पपई, पालेभाजी, भरपूर पाणी घ्या, आणि तरीही दोन दिवसांत पोट साफ झालं नाही तर संकोच न करता डॉक्टरांकडून औषध मागून घ्या. खोकला किंवा शिंक आली की पोटावर उशी दाबून धरा. उठताना आधी कुशीवर वळा, मग हाताने रेटून बसा.

डाळ-भाताने जखमेत पू होतो, हे आमच्या सासूबाईंनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं. पण जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि पू होतो तो जंतूंमुळे. डॉक्टरांनी हे समजावल्यावर सासूबाईच रोज घरच्या कोंबडीची दोन अंडी उकडून ताटात वाढू लागल्या. जखमेवर हळद किंवा राख लावू नका, विहिरीचं पाणी घालू नका. मातीत आणि शेणात धनुर्वाताचे जंतू असतात, तेव्हा खुराड्यातून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पट्टीला हात लावायचा नाही.

दिवसभर पडूनही राहू नका. अंगणात थोडं थोडं चाला, नाहीतर पायात रक्ताची गाठ होऊ शकते.

ताप, जखमेतून पू, पोट फुगून उलट्या, बेंबीशी कडक दुखरी गाठ, एकाच पायाची पोटरी सुजणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. दम लागला किंवा छातीत दुखलं तर लगेच 108 ला फोन करा. आणि आमच्यासारखे खाडीपलीकडे राहत असाल, तर संध्याकाळी शंका आली की शेवटची बोट सुटायच्या आत मालाडच्या बाजूला मार्व्याला उतरा. ती चुकली तर उत्तन-भाईंदरवरून लांबचा वळसा पडतो, आणि खड्ड्यांतला प्रत्येक हिसका त्या टाक्यांना सोसावा लागतो.