‘मंगल’ नसलेल्या मशीनवर मराठी परिपत्रक

उत्तर गोव्यातल्या एका सरकारी कार्यालयात मी संगणकांचं बघतो. सरकारी कामात मुक्त स्रोत (ओपन सोर्स) सॉफ्टवेअर वापरण्याचं केंद्राचं धोरण 2015 चं. आमच्याकडे मात्र जुनी मशीन रखडायला लागली तेव्हा कुठे विंडोजच्या जागी उबुंटू आणि एमएस ऑफिसच्या जागी लिबरऑफिस आलं, दोन्ही मुक्त स्रोत. इंग्रजी फायली निमूट उघडल्या. घोडं अडलं ते मराठी-कोंकणीपाशी.

एकपानी परिपत्रक दोन पानांवर जायचं, साहेबांच्या सहीची जागा एकटीच पुढच्या पानावर. हेडक्लार्क म्हणाले, “फुकटचं ते, असंच चालायचं!” पण कारण साधं होतं. फाईल ‘मंगल’ फाँटमधली, तो विंडोजचा. इथे तो नसल्यामुळे भलत्याच मापाचा फाँट बसायचा. नोटो सॅन्स देवनागरी हा मोफत फाँट टाकला, लिबरऑफिसच्या टूल्स-ऑप्शन्स-फाँट्समध्ये रिप्लेसमेंट टेबल (फाँटच्या अदलाबदलीचा तक्ता) चालू करून ‘मंगल’च्या जागी तो नेमला. ‘स्क्रीन ओन्ली’ची खूण मात्र काढायची, नाहीतर बदल छापील कागदावर उतरत नाही. ओळींमधलं अंतर टेम्प्लेटमध्येच बांधून टाकलं.

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे कोड देणारी पद्धत; तिच्या आधीच्या फायली ही वेगळीच डोकेदुखी. त्यांत मराठी अक्षरांखाली रोमन लिपीचेच कोड असतात. फाँट गेला की नुसती खिचडी. तिथे फाँट बदलून भागत नाही, मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा लागतो. वर डोळ्यांत तेल घालून तपासा: पर्वरीचा रफार आणि डिचोलीची वेलांटी हटकून सरकते.

आता मसुदे लिबरऑफिसच्या ओडीटी फाईलमध्ये, बाहेर जाताना पीडीएफ. हेडक्लार्कांची तक्रार प्रिंटरच्या ड्रायव्हरपुरती उरलीय. ती रास्त आहे, तो अजून सतावतोच.