परसबागेत बेडूक टिकवायचा तर

बेडूक विकत किंवा पकडून आणावा लागत नाही. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की मराठवाड्यात तो कुठून ना कुठून निघतोच. खरी पंचाईत त्यानंतरची. ऑक्टोबर ते मे कोरडा आणि उन्हाळ्यात पारा 42च्या वर. म्हणून तळं नंतर, आधी उन्हाळ्यातली ओल.

फुटका माठ घ्या. केळी, मोगरा किंवा कडुनिंबाच्या सावलीत तो आडवा, निम्मा मातीत पुरा, तोंड उत्तरेला ठेवा. आत चार बोटं भुसभुशीत वाळू आणि शेणखत, वर पालापाचोळा. शाहाबादी फरशीचा तुकडा दोन विटांवर टेकवला तरी चालतं. एप्रिल-मे महिन्यांत एक दिवसाआड संध्याकाळी तांब्याभर पाणी शिंपडा. खरबरीत अंगाचा भेक (टोड) तर कूलरखालच्या ओलीलाही येऊन बसतो. काही जाती जमिनीत खोल शिरून उन्हाळा काढतात, म्हणून उन्हाळ्यात सगळी बाग खणून काढू नका. एक कोपरा तसाच राहू द्या.

तळं 5 फूट लांब, 3 फूट रुंद, मधे दीड फूट खोल पुरे. एक बाजू उतरती हवीच. उभ्या काठाच्या हौदात पडलेला भेक बाहेर निघू शकत नाही, पोहून पोहून बुडतो. असा हौद आधीच असेल तर त्यात तिरकी फळी किंवा दगडांची पायरी लावा. काळ्या मातीत घाई नडते. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि प्लास्टिक फाडते. म्हणून खड्ड्यात 3 इंच बारीक वाळू आणि जुनी पोती अंथरून मगच शेततळ्याचा कागद टाका. या मापाला 10 बाय 8 फुटांचा तुकडा लागतो. साधारण 300 लिटर पाणी बसतं. पावसाचं उत्तम, नळाचं असेल तर एक दिवस उघडं ठेवून भरा. नवीन सिमेंटचा हौद मात्र तीन-चारदा भरून, आठवडाभर ठेवून रिकामा करावा लागतो, नाहीतर पाण्यात उतरलेला चुना अंडी मारतो. काठाला वाळा किंवा वेखंड लावा. जलपर्णी नको.

भेकाची अंडी लांब पारदर्शक दोऱ्यात ओवलेल्या काळ्या मण्यांसारखी दिसतात. हौदाच्या भिंतीवर पाण्याच्या वर चिकटलेला पांढरा फेस साबणाचा समजून धुऊ नका, ती झाडबेडकाची अंडी असू शकतात.

डासांसाठी गप्पी मासे सोडायचा मोह होतो. ते बेडकाची अंडी आणि छोटे भैकेर (अंड्यातून निघालेली शेपटीवाली पिल्लं), दोन्ही खातात. अंडी नसतील तेव्हा दर आठवड्याला पाणी बदला. असतील तर बारीक जाळीनं डासांच्या अळ्या गाळून काढा. बहुतेक भैकेर शेवाळ खातात, त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. मोठ्या हिरव्या-पिवळ्या बेडकाचे भैकेर मात्र अळ्या खातात. त्यांना लहान भैकेरही चालतात, एवढं लक्षात ठेवा.

सगळं जमूनही बेडूक दिसत नसेल तर फवारणी बघा. बेडूक कातडीतून पाणी शोषतो, त्याबरोबर औषधही. कपाशीचा पंप बागेत धुणं, युरिया भुरभुरणं, गोगलगायीवर मीठ टाकणं, तिन्ही बंद.

आता सापाचं. बेडूक असतील तिथं धामण किंवा दिवड येऊ शकते, नागही. म्हणून तळं आणि दगडांचे ढीग दारापासून 15-20 फूट लांब ठेवा, दाराखालची फट बुजवा आणि रात्री बॅटरीशिवाय बागेत जाऊ नका. भेकाच्या डोळ्यांमागच्या गाठींतून विषारी पांढरा चीक येतो. माणसानं हात धुतले की झालं. कुत्र्यानं तोंडात धरला तर तोंडाला फेस येतो; मान खाली धरून, पाणी घशात न जाऊ देता, ओल्या फडक्यानं हिरड्या पुसा. झटके आले तर थेट जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.