एस्प्रेसो मशीनचं पाणी पांढरट येतंय? आधी या चुका टाळा

"मशीन नवं, फिल्टर नवा, आणि पाणी ताकासारखं!" असा फोन आला की मी एकच विचारतो, ग्लासात भरून ठेवलंत का? ठेवलेलं नसतं. मशीनचं झाकण मात्र उघडून झालेलं असतं.

काचेचा ग्लास भरा आणि हात बांधून बसा. पाणी तळाकडून वर नितळत गेलं तर ती हवा. नव्या फिल्टरमध्ये, नव्या पाइपमध्ये अडकलेली असते. त्यात बॉयलरमधलं पाणी एक-दीड बार दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापलेलं. मशीनच्या नळातून बाहेर आलं की दाब सुटतो आणि बारीक बुडबुडे फुटतात. चार दिवस वापरा, कमी होईल. तळाशी काही साचलं तर मात्र पुढे वाचा.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे फिल्टरमधून आधी बादलीत पाणी न सोडता तो थेट मशीनला जोडणं. कार्बनच्या नव्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे फिल्टरच्या बदलता येणाऱ्या नळकांड्यात, काळी भुकटी असतेच. म्हापशात एका कॅफेवाल्या पोराने प्लंबरकडून दुपारी जोडणी करून घेतली. "दादा, उद्या उद्घाटन आहे, आज कॉफी निघायलाच हवी." पाणी करडं आलं, तेव्हा फिल्टरच खराब म्हणून त्याने तो काढून टाकला आणि नळाचं पाणी सरळ मशीनला दिलं. तेही ऐन जूनमध्ये, नदीला लाल पाणी आलेलं असताना! रात्री बॉयलर भरतच राहिला आणि स्टीमच्या नळीतून पाणी गळायला लागलं.

मी पाणी आत घेणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडमिट होणारी झडप, उघडला. झडप जिथे टेकून बंद होते त्या बसकणीवर मोहरीहून लहान एक काळा कण होता. त्याच्यामुळे व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हता, एवढंच. बॉयलर दोनदा रिकामा केला. टाकून दिलेला फिल्टर परत आणून त्यातून बादलीत पाणी सोडलं, तर पहिली बादली शाईसारखी, दुसरी जवळजवळ स्वच्छ. उद्घाटनाला पाहुण्यांनी कोकम सरबत प्यायलं.

तेव्हापासून माझा नियम दोन बादल्यांचा. कागदावर कंपनीने कमी लिहिलं असेल, लिहू दे. पाणी सोडताना कार्ट्रिजमधली सुरसुर थांबेपर्यंत नळ बंद करत नाही. हवाही तेवढ्यातच निघून जाते. मशीनची नळी शेवटी जोडतो.

फिल्टरच्या डोक्यावर पाण्याची दिशा दाखवणारा बाण असतो, तो बघा. उलटे जोडलेले फिल्टर मी मोजायचे सोडून दिलेत.

टेफ्लॉन टेप आट्यांच्या तोंडाबाहेर गुंडाळू नका. तुकडे आत जातात.

पावसाळ्यात कार्बनच्या आधी पाच मायक्रॉनची गाळणी लावा. स्वस्त असते आणि महाग कार्ट्रिज वाचवते. किनाऱ्याकडच्या विहिरीचं पाणी असेल तर आधी क्षार तपासून घ्या; खारटपणा कार्बनने जात नाही.

"मग सरळ आरओच लावतो" म्हणणारे हुशार लोकही भेटतात. आरओ पाण्यातले क्षार काढून टाकतो, आणि अगदी क्षारहीन पाण्यातून वीज नीट वाहत नाही, त्यामुळे बॉयलरमधल्या पातळी मोजणाऱ्या सळईला पाणी कळतच नाही, आणि बॉयलर पुन्हा गळ्यापर्यंत भरतो. चवही पाणचट. आरओ हवाच असेल तर थोडं साधं गाळलेलं पाणी त्यात मिसळायची सोय करून घ्या.

आणि क्षार काढायला म्हणून व्हिनेगर ओतू नका. पाणी पांढरं दिसलं की क्षारच, असं कुणी सांगितलं? आठवड्यापूर्वी बसवलेल्या मशीनमध्ये क्षार जमायला वेळ तरी मिळाला का? व्हिनेगरचा वास मात्र पुढच्या पन्नास कपांत येतो. तोवर ग्लास ओट्यावरच असू द्या.