कंबरेला लावायचं पिस्तूल कसं निवडावं

हे अमेरिकेत, त्यातही टेक्सासात राहणाऱ्यांसाठी लिहितोय. सुरक्षिततेचे चार नियम तुम्हाला झोपेतही म्हणता येतात आणि एखादा प्राथमिक वर्ग झालेला आहे, असं धरून चालतो. झालेला नसेल तर पिस्तूल नंतर, वर्ग आधी.

आधी कागद

एच-वन-बी, एल-वन, एच-फोर अशा व्हिसावर असाल तर इथेच थांबा. संघीय कायद्याने तुम्हाला पिस्तूल सोडाच, एक काडतूसही जवळ ठेवता येत नाही. रेंजवर मित्राचं पिस्तूल हातात घेतलं तरी तो ताबाच धरला जातो. ‘शिकारीचा परवाना काढ, मग सगळं चालतं’ असं दर पॉटलकला कुणीतरी सांगतं. तसा अपवाद कायद्यात आहे, पण ग्रीन कार्डाची फाइल चालू असताना त्याच्या भरवशावर राहायचं का, हे इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. ताटात पुरणपोळी वाढून घेणाऱ्या काकांना नको.

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, तपासणी होते, काम झालं. टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. तरी परवाना काढाच. शेजारच्या बऱ्याच राज्यांत तो चालतो. शिवाय शाळेच्या हजार फुटांच्या आतल्या रस्त्यांबद्दल जो संघीय कायदा आहे, त्यातून त्याच राज्याच्या परवानाधारकाला सूट मिळते. आपल्या उपनगरांत शाळेच्या हजार फुटांत न येता दूध आणायला जाऊन दाखवा.

गोळी

नऊ मिलिमीटर. एफबीआयसुद्धा चाळीस कॅलिबरवर जाऊन नऊवर परत आली. यावर संध्याकाळ घालवायची असेल तर माझ्याशिवाय घालवा. मनगट किंवा बोटांचे सांधे खरंच साथ देत नसतील तर तीनशेऐंशी (.३८० कॅलिबरची, नऊपेक्षा सौम्य गोळी) चालेल, पण तीही मोठ्या अंगाच्या पिस्तुलात. स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी त्यासाठीच बनवलंय, त्याची स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) सहज मागे येते.

आकार

सगळे अडकतात ते इथे. माझीही गाडी इथेच सर्वात जास्त काळ अडून होती, कारण यावर मिळणारा बहुतेक सल्ला उलटा असतो.

दुकानात गेलात की काउंटरमागचा माणूस तुम्हाला सर्वात लहान पिस्तूल दाखवणार. बरोबर बायको असेल तर तिच्या हातात हमखास चिमुकलं तीनशेऐंशी किंवा पाच गोळ्यांचं हलकं रिव्हॉल्व्हर ठेवणार. ‘लेडीजसाठी हे बेस्ट’ हे वाक्य ऐकू आलं की दुसरं दुकान गाठा. अशाच चिमुकल्या रुगर एलसीपीचं वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास आहे, त्याहून मोठं ग्लॉक १९ रिकामं असतानाही सहाशेच्या वर. गोळी सुटताना मागे बसणारा धक्का हलक्या पिस्तुलात हाताला जास्त जाणवतो. मूठ आखूड, म्हणून करंगळी हवेत. नेम धरायच्या मागच्या-पुढच्या खुणांमध्ये अंतर कमी, म्हणून नेमातली बारीकशी चूकही लक्ष्यावर मोठी होऊन उमटते. रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर तर इतका जड असतो की तो ओढता ओढताच नेम हलतो. म्हणजे नवशिक्याच्या हाती आपण चालवायला सर्वात अवघड वस्तू देतो आणि वर म्हणतो, सोपी आहे. छोटी पिस्तुलं मुरलेल्या हाताची आहेत.

दुसरा गैरसमज लपण्याबद्दलचा. लोक नळीची लांबी मोजत बसतात. नळी पँटच्या आत जाते, ती कुणाला दिसते? शर्टाला टोक काढते ती मूठ. खाली वाकलात, मागे वळलात की मुठीचं खालचं मागचं टोक कापडातून डोकावतं. म्हणून कॅटलॉगमध्ये आधी उंची बघा, मग जाडी, नळी सर्वात शेवटी. ग्लॉक ४३एक्सची नळी १९ पेक्षा आखूड आहे, पण उंची दोघांचीही १२८ मिलिमीटरच्या आसपास. ‘४३एक्स लहान आहे, छान लपेल’ म्हणून घेणाऱ्याला जो फायदा मिळतो तो बारीक अंगाचा, सहाएक मिलिमीटरचा. तो खरा आहे, पण बारक्या अंगकाठीच्या माणसालाच जाणवतो. उंची कमी हवी असेल तर २०१८ साली आलेलं सिग पी३६५ बघा. ते ११० मिलिमीटरच्या आतबाहेर आहे आणि तरी दहा गोळ्या घेतं. ते येईपर्यंत एवढ्या अंगात सहा-सात गोळ्यांवर समाधान मानावं लागायचं. स्प्रिंगफील्डचं हेलकॅट आणि स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस त्याच वाटेने मागून आले. थोडी लांब नळी उलट उपयोगी पडते: पट्ट्याखालचा भाग लांब असला की मूठ पोटाकडे कलते आणि बसल्यावर पिस्तूल उलथत नाही.

न्यू जर्सी, न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियातले नातेवाईक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एवढंच: तुमच्याकडे दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) चालत नाही. त्यामुळे १९ च्या पंधरा गोळ्यांचं आकर्षण तिथे संपतं आणि बारीक पिस्तूल घेणंच शहाणपणाचं ठरतं. आमचा टेक्सासचा परवानाही त्या तिन्ही राज्यांत चालत नाही, तेव्हा ‘ये की घेऊन’ म्हणू नका.

आता खरी परीक्षा. ती काउंटरवर होत नाही, रेंजवर होते. भाड्याने पिस्तुलं देणारी रेंज शोधा आणि तीन आकार एकाच दिवशी घ्या: एक १९ च्या मापाचं, एक पी३६५ किंवा शील्ड प्लसच्या मापाचं, आणि तुम्हाला मनातून जे चिमुकलं आवडलंय ते. तिन्हींसाठी गोळ्या एकाच जातीच्या (चिमुकलं तीनशेऐंशी असेल तर त्याच्या वेगळ्या, इलाज नाही).

आधी रिकामं आहे याची स्वतः खात्री करून हातात धरा. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी मुठीवर जितकी वर जाईल तितकी वर न्या. नळी मनगटाच्या सरळ रेषेत आली पाहिजे आणि ट्रिगरवर तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग बसला पाहिजे. बोट पोचावं म्हणून मूठ हातात फिरवावी लागत असेल तर ते पिस्तूल तुमचं नाही, कितीही लोकांनी वाखाणलेलं असो. स्लाइड ओढायला जड जाते म्हणून नाकारू नका. पिस्तूल छातीजवळ आणा, नळी समोर लक्ष्याकडेच ठेवा, एका हाताने स्लाइड घट्ट पकडून दुसऱ्याने पिस्तूल पुढे ढकला. लांब हात करून चिमटीत स्लाइड ओढणाऱ्या धडधाकट पुरुषांनाही मी हरताना पाहिलंय.

मग सात यार्डांवर सहा इंचांची कागदी प्लेट लावा. पाच गोळ्या, सावकाश. हा आकडा लिहून ठेवा. पुढच्या पाच जरा घाईने, गोळीमागे साधारण सेकंद. हाही लिहा. मग फक्त उजव्या हाताने, मग फक्त डाव्या. तिन्ही पिस्तुलांवर हाच क्रम, आणि फेरी संपली की पुन्हा पहिल्यापासून, कारण पहिल्या मॅगझिनला उत्साह असतो आणि शेवटच्याला दुखरा तळवा. निर्णय शेवटच्या फेरीवर करायचा.

सगळ्यात बोलका प्रयोग राहिला. बरोबर खोटी काडतुसं न्या, प्लास्टिकची मिळतात. मित्राला सांगा, तुमच्या नकळत खरी-खोटी मिसळून मॅगझिन भर. खोट्या काडतुसावर ट्रिगर ओढलात की धमाका होत नाही, पण पिस्तुलाचं तोंड खाली झुकलेलं तुम्हालाच दिसतं. धक्क्याच्या भीतीने हात आधीच दचकलेला असतो. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या प्लेटच्या खाली डावीकडे का जातात याचं उत्तर बहुतेक वेळा हेच. खुणा बिघडल्यात म्हणून स्क्रूड्रायव्हर मागणाऱ्यांनी हे आधी करून बघावं. थोडंफार सगळेच दचकतात. मोठ्या पिस्तुलावर प्लेट शाबूत आणि चिमुकल्यावर तोंड खाली जातंय असं दिसलं, तर चिमुकलं परत करा आणि त्याचं नाव काढू नका. मधल्या मापाचं आणि मोठं दोन्ही सारखीच जमत असतील तर मधलं घ्या. माझ्याबरोबर आलेल्यांत पुष्कळ जण पी३६५एक्सएल किंवा शील्ड प्लसवर थांबतात. १९ वर थांबणारे थोडे, पण समाधानी.

‘धक्क्याची सवय होईल हो’ असं सांगणारे भेटतील. ज्या पिस्तुलाने तळवा दुखतो ते घेऊन माणूस रेंजवर जातच नाही, मग सवय व्हायची कशी?

बाजूचं सेफ्टी बटण हवं की नको यावर लोक भांडतात. हवं असेल तर घ्या, मात्र ते खाली दाबण्याचा सराव बाहेर काढण्याच्या प्रत्येक सरावाबरोबर झाला पाहिजे. रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच) पहिल्या वर्षी नको.

होल्स्टर आणि पट्टा

पिस्तुलावर पाचशे-सहाशे डॉलर घालून होल्स्टर, म्हणजे त्याचं म्यान, पंधरा डॉलरचं कापडी आणणाऱ्यांशी मी बोलत नाही. तुमच्याच मॉडेलसाठी साच्यात घडवलेलं कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं घ्या. ट्रिगर पूर्ण झाकलेला हवा आणि पिस्तूल काढल्यावरही होल्स्टरचं तोंड उघडं राहायला हवं. आत ठेवताना घाई नाही: शर्ट पूर्ण वर, बोट ट्रिगरपासून लांब, नजर होल्स्टरवर. बाहेर काढायला घाई असू शकते, आत ठेवायला कधीच नसते. पट्टा जाड, या कामासाठी बनवलेला. ऑफिसच्या चामडी पट्ट्यावर पिस्तूल लोंबतं आणि मग लोक पिस्तुलाला दोष देतात. पर्समध्ये ठेवायचं असेल तर निदान वेगळ्या बंद कप्प्यात, होल्स्टरसकट. पण माझं मत विचाराल तर पर्स खुर्चीला अडकते, गाडीत राहते, नात हात घालते. अंगावरच ठेवा.

घरात रंगीत तालीम

रिकामं करून, दोनदा तपासून, आठवडाभर घरातच लावून वावरा. जमिनीवर मांडी घाला, डिशवॉशर भरा, गाडीत पट्टा बांधून बसा. बोचलं तर होल्स्टर अर्ध्या इंचाने सरकवा, क्लिपचा कोन बदला. पिस्तूल बदलायची वेळ क्वचित येते. दर दोन मिनिटांनी हात तिकडे जात असेल तर ती सवय इथेच मोडा. लोकांना पिस्तूल दिसत नाही, चाचपणारा हात दिसतो.

‘गणपतीला कुर्त्याखाली कुठे लावू?’ हा प्रश्न दर भाद्रपदात येतो. कुठेही नको. आपल्या मंडळांचे कार्यक्रम कितीदा तरी शाळेच्या सभागृहात असतात आणि शाळेच्या इमारतीत परवानाधारकालाही बंदी आहे. देवळाच्या किंवा दुकानाच्या दारावर ३०.०५ किंवा ३०.०६ (टेक्सासच्या कायद्यातली पिस्तूलबंदीची कलमं) लिहिलेली पाटी असेल तर परत फिरा, बारवर ५१ टक्क्यांची (निम्म्याहून जास्त कमाई दारूची) लाल पाटी असेल तरीही. पोस्ट ऑफिसला संघीय बंदी. अशा दिवशी पिस्तूल घरच्या तिजोरीत राहू द्या. गाडीच्या डॅशबोर्डात ठेवलेली पिस्तुलं चोरांसाठीच असतात. घरात सतरा वर्षांखालचं मूल असेल तर भरलेलं पिस्तूल त्याच्या हाताला लागेल असं ठेवणं हा टेक्सासात गुन्हा आहे. बोटांच्या कोडने उघडणारी छोटी तिजोरी पिस्तुलाबरोबरच विकत घ्या, नंतर नाही.

गोळ्या भरताना

सरावाला साध्या, बाळगायला पोकळ टोकाच्या. स्पीअर गोल्ड डॉट किंवा फेडरल एचएसटी, जी तुमच्या पिस्तुलात न अडकता चालेल ती. दोनशे साध्या आणि पन्नास बाळगायच्या गोळ्या विनातक्रार सुटल्याशिवाय ते पिस्तूल कंबरेला लावू नका. रोज रात्री रिकामं करून सकाळी तेच काडतूस पुन्हा नळीत ढकलत राहिलात तर गोळी कवचात आत दबत जाते आणि सुटताना दाब धोकादायक वाढतो. त्यापेक्षा भरलेलं पिस्तूल होल्स्टरसकट तिजोरीत ठेवा. वरचं काडतूस अधूनमधून दुसऱ्याशेजारी उभं करून उंची ताडून बघा आणि वर्षातून एकदा सगळी रेंजवर संपवून नवी भरा.

रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि ती भारतात जाताना कधीही नेऊ नका. कप्प्याच्या शिवणीत अडकलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि टेक्सासचा परवाना तिथे दाखवून उपयोग नाही.